टोर्नॅडो: ‘वॉच’ आणि ‘वॉर्निंग’

टोर्नॅडो म्हणजे ढगातून जमिनीपर्यंत उतरणारा वाऱ्याचा भोवरा. त्याबद्दल अमेरिकेत हवामान खातं दोन प्रकारच्या सूचना देतं. ‘वॉच’ म्हणजे हवा टोर्नॅडोला पोषक आहे, एवढंच. ओक्लाहोमा राज्यातल्या नॉर्मन शहरातलं वादळांचा अंदाज देणारं केंद्र ती मोठ्या प्रदेशासाठी, काही तास आधी देतं. ‘वॉर्निंग’ स्थानिक कार्यालयाची: रडारवर गरगरतं वादळ दिसलं किंवा कुणी डोळ्यांनी पाहिलं, की लगेच. 2007 पासून ती अख्ख्या काउंटीऐवजी (म्हणजे जिल्ह्याऐवजी) वादळाच्या वाटेपुरती आखतात. तरी हाताशी उरतात मिनिटंच. त्यात दहापैकी सातेक वॉर्निंग फुकट जातात, टोर्नॅडो येतच नाही, म्हणून लोक आधी खिडकीतून आभाळ बघतात. (मीही बघितलं असतं.) 2011 मध्ये मिसुरी राज्यातल्या जॉप्लिन शहरात टोर्नॅडो आला, तेव्हा इशाऱ्याचे भोंगे वाजूनही अनेकजण खात्री करत थांबले; दीडशेहून अधिक माणसं गेली. माझ्या मते तळघर आवरायचं ते वॉच असतानाच. वॉर्निंग आली की फक्त आत शिरायचं.