चुन्याचे पैसे घेतले, सिमेंट फासलं: नागपूरच्या महालातल्या वाड्याचे ४,४०,५०० रुपये बुडाले

महाल-इतवारीत जुने वाडे असलेल्यांनो, दारात 'ग्रीन रिनोव्हेशन'वाला आला तर आधी हे वाचा.

आमचा वाडा पणजोबांचा, भिंती विटा-चुन्याच्या. तो म्हणाला, सिमेंट नको, चुन्याचा गिलावा करून देतो; सिमेंटची भट्टी १४५० अंशांवर तापवावी लागते, चुन्याला ९०० च्या आसपास पुरतात, शिवाय चुना घट्ट होताना हवेतला कार्बन परत ओढतो. हे सगळं खरं आहे हो! निव्वळ खोटं बोलला असता तर ओट्यावरूनच हाकलला असता. "काका, सरकार कार्बन क्रेडिटचे, म्हणजे प्रदूषण वाचवल्याचे, पैसे थेट खात्यात टाकते," ही मात्र थाप. त्या 'नोंदणी'चे १८,५०० घेतले. छतावरच्या सोलरला सबसिडी आहे, पण तीही पॅनल बसल्यावर येते. आधी फी मागणाऱ्याला बाहेरचा रस्ता दाखवा.

अ‍ॅडव्हान्स २,७२,०००, मग १,५०,०००. बिल साध्या कागदावर, जीएसटी नंबर नाही.

चुना भिजवायला हौद नाही, दळायला घाणी नाही, गूळ-बेलफळाचं पाणी नाही. विचारलं तर "रेडिमिक्स आहे." मजूर डबा खायला बसले ते रिकाम्या पोत्यांवर. एक पोतं उलटलं, त्यावर सिमेंट कंपनीचं नाव ठळक. "बसायला आणलीत," म्हणे. दुसऱ्या दिवशी सकाळी गिलाव्यात खिळा जाईना! चुना रात्रीतून असा दगड होत नसतो, आठवडे लागतात. पण मी जन्मभर बँकेत खर्डेघाशी केली, गवंडीकाम नाही. वरून पांढरा हात मारलेला, कोणाला कळणार? एक हात भिंत नमुन्याला करून घ्या, पंधरा दिवस थांबा, मगच पुढचा पैसा सोडा.

पावसाळ्यात ओल आतच अडकली. भिंतींना लोणा धरला, आता गिलाव्यासोबत विटांचेही पापुद्रे सुटताहेत.

ठाण्यात साहेब म्हणाले, "पैसे तुम्हीच दिले ना? दिवाणी मॅटर आहे, कोर्टात जा." सायबरवाले म्हणाले, चेकने दिलेत, आमचं काम नाही. तिसऱ्या कार्यालयात विचारलं, वाडा हेरिटेज यादीत आहे का? नाही? मग इथे कशाला आलात? आणि यादीत असता तर विनापरवानगी काम केलं म्हणून नोटीस मलाच! तक्रार अर्जाची पोच मागितली तर बाबू असा बघतो जणू मीच चोर. पोच सोडू नका, शिक्का मारूनच घ्या.

त्या 'ग्रीन'वाल्याचा फोन बंद नाही, उचलत नाही एवढंच. परवा त्याच्या स्टेटसवर इतवारीतल्या एका वाड्याचा फोटो होता, सागवानी खांब, निळा दरवाजा. ओळखीचा असेल तर आजच जाऊन त्यांचा दुसरा चेक थांबवा.