जुन्या एमजीसाठी क्लब कुठला बरा: जर्सीचा की बे एरियाचा?

मागच्या महिन्यात एका मित्राचा फोन आला. हातात नोकरीच्या दोन ऑफर, एक न्यू जर्सीतल्या एडिसनची, एक कॅलिफोर्नियात सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बे एरियातल्या सनीवेलची. पगार, घर, मुलांची शाळा हे सगळं बायकोशी बोलून झालं होतं, मला विचारायचं होतं ते गाडीचं. त्याच्याकडे माझ्यासारखीच काळ्या रबरी बंपरची एमजीबी, म्हणजे एमजी कंपनीची जुनी ब्रिटिश उघडी स्पोर्ट्स कार आहे, आणि गाडीइतकीच त्याला रविवारची मंडळीही लागतात. मी दोन्हीकडे राहिलोय, दोन्हीकडच्या क्लबांची वर्गणी भरलीय. त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितो.

वरवर पाहिलं तर बे एरियाच जिंकतो. जर्सीत फेब्रुवारीत गाडी कव्हरखाली झोपलेली असते, तेव्हा आम्ही तिकडे टप उघडून, कानटोपी घालून स्कायलाइन बूलेव्हार्डला लागलेलो असायचो. रेडवुडच्या झाडांतून अधूनमधून समुद्र दिसतो, मग वूडसाइडच्या ॲलिसेस रेस्टॉरंटपाशी कॉफी. गंजाचं म्हणाल तर कुजलेल्या सिलची (दारांखालच्या पत्र्याच्या पोकळ पट्ट्यांची) गाडी मी तिथे क्वचितच पाहिली. जर्सीत हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडतं. एमजीबीला वेगळी चासी नाही, बराचसा भार सिलवरच. ते आतून गेले की दार नीट लागेनासं होतं आणि मालकाचा चेहरा उतरतो. डिसेंबर ते मार्चअखेर गाडी बाहेर काढायचीच नाही, एवढा एकच इलाज.

पण क्लब म्हणून पाहिलं की चित्र जरा बदलतं. बारा महिने कधीही जाता येतं, त्यामुळे बे एरियात कोणाला घाई नसते. ईमेलवर वीस जण ‘येतो’ म्हणायचे, सकाळी आठला पार्किंगमध्ये सहा गाड्या. ढग आले की पुढच्या रविवारी बघू. जर्सीत मंडळी चार महिने अडकून पडलेली असतात, त्यामुळे एप्रिलच्या पहिल्या फेरीला लॅम्बर्टव्हिल ते फ्रेंचटाउन, डेलावेअर नदीच्या काठाने, भुरभुर पावसातही रांग लागते. आणि खरा क्लब तर त्याआधीच्या थंडीत भरतो. शनिवारी कोणाच्या तरी गराजमध्ये हीटर लावायचा, कोपऱ्यात चिलीचं, म्हणजे तिखट रश्श्याचं भांडं गरम होत असतं, आणि आठ-दहा माणसं एकाच बॉनेटमध्ये डोकं घालून उभी. अशाच एका शनिवारी एका आजोबांनी माझ्या हातात फिलर गेज, म्हणजे बारीक फट मोजायच्या पात्यांचा जुडगा दिला. 0.015 इंचाची पाती व्हॉल्व्ह आणि त्यावरच्या रॉकरमधल्या फटीतून सरकवताना मला एकदम काकांची ॲम्बॅसिडर आठवली. आठवणारच, तिचं 1489 सीसीचं इंजिन आणि एमजीबीचं 1798 सीसीचं, दोन्ही बीएमसी या ब्रिटिश कंपनीच्या बी-सिरीजमधलीच. आजोबांना सांगितलं तर ते म्हणाले, मग तू आम्हाला शिकव.

एवढ्यावरही मी कदाचित बे एरियाकडेच झुकलो असतो. निकाल लागला तो स्मॉगवर.

कॅलिफोर्नियात 1975 आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग टेस्ट, म्हणजे धुराची सक्तीची तपासणी माफ आहे. 1976 पासूनच्यांना नाही, आणि ती दर दोन वर्षांनी. माझी गाडी 1977 ची, जर्सीत घेतलेली. आधीच्या मालकाने धूर कमी करणारा एअर पंप काढून टाकला होता आणि वेबर कार्बोरेटर बसवला होता, मूळचा झेनिथ कार्बोरेटर तेवढा खोक्यात घालून दिला होता. जर्सीत जुन्या गाड्यांना मिळणारी ऐतिहासिक नंबर प्लेट असल्यामुळे तपासणीच नव्हती, कोणी बॉनेट उघडून पाहिलं नाही. सॅन होजेत रजिस्ट्रेशनसाठी टेस्टला नेली, तर गाडी रोलरवर चढायच्या आधीच खेळ संपला. तपासणाऱ्या मुलाने टॉर्च मारला, छोटा आरसा इंजिनच्या पुढच्या बाजूला धरला आणि सरळ विचारलं, इथला पंप कुठेय? फक्त मोकळा ब्रॅकेट उरला होता.

क्लबात विचारलं. माणसं प्रेमळ, पण जवळजवळ सगळ्यांच्या गाड्या क्रोम बंपरच्या, म्हणजे रबरी बंपरच्या आधीच्या, माफीतल्या. मेळाव्यातही तेच, माझ्यासारख्या रबरी बंपरवाल्या हाताच्या बोटांवर मोजाव्यात. पंप कोणाकडेच नव्हता. एकाने सुचवलं, ही विकून 1974 च्या आधीची घे. चुकीचं म्हणत नाही मी, पण नव्या सभासदाने ऐकायचं ते हे?

शेवटी जर्सीच्या त्याच आजोबांना फोन केला. ते हसलेच. तिकडे तपासणीच नसल्यामुळे लोकांनी वर्षानुवर्षं पंप काढून बेसमेंटात टाकलेले. नवव्या दिवशी बुटांच्या खोक्यात, वर्तमानपत्रात गुंडाळलेला पंप आला, सोबत दोन पट्टे आणि एक होज. झेनिथ परत बसवला, तिसऱ्या खेपेला गाडी पास झाली. दोन वर्षांनी पुन्हा तोच आरसा, तोच टॉर्च.

जर्सीची बाजूही धुतल्या तांदळाची नाही. त्या ऐतिहासिक प्लेटवर गाडी प्रदर्शनासाठी आणि शैक्षणिक कामासाठी काढायची, रोज ऑफिसला न्यायची नाही. गाडी रोज चालवायचा हट्ट असेल, किंवा ती 1975 ची वा त्याआधीची असेल, तर हे स्मॉगचं पुराण सोडा आणि खुशाल पश्चिमेला जा. मित्राची 1978 ची आहे, म्हणून त्याला मी हळूच एडिसन सुचवलं. तिकडे गेल्यावर सिलमध्ये दर शरदात गंज रोखणारं वॅक्स मारून घे, एवढंही सांगितलं.

तरी तो सनीवेललाच गेला, तर माझा पंप आता इथे जर्सीत बेसमेंटातल्या फळीवर आहे, त्याच बुटांच्या खोक्यात. पट्टे तेवढे नवे घ्यावे लागतील.