लोकसत्ता की मटा (महाराष्ट्र टाइम्स), घरी कुठला पेपर लावायचा?

मामी नुकतीच बोरिवलीला राहायला गेली, तिने विचारलं पेपर कुठला लावू, दोन-दोन घेऊन रद्दी वाढवायची नाहीये. आमच्याकडे दोन्ही येतात म्हणून सांगते, पण पहिलं पान बघून ठरवू नका, वाद पेटल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी पेपरात काय येतं ते बघा.

आता दादरच्या कबुतरखान्याचंच घ्या ना. ऑगस्ट २०२५ मध्ये लोकांनी कबुतरांना दाणे घालू नयेत म्हणून पालिकेने तो ताडपत्रीने झाकला, ६ तारखेला जमावाने ताडपत्री फाडली, मग दोन दिवस जिकडेतिकडे तेच फोटो. पण त्या भांडणात हायकोर्ट होतं, विष्ठेमुळे होणारे फुप्फुसाचे आजार होते, जैन लोकांची जीवदया होती आणि पुढे त्याला मराठी-अमराठी रंगही चढला. असा गुंता सोडवून वाचायचा असेल तर मला लोकसत्ता बरा वाटतो. त्यांचं ‘विश्लेषण’ आणि अग्रलेख, भाषा जरा जड असते पण पटलं नाही तरी घरी वाद घालायला मुद्दे मिळतात. फक्त २०१६ मध्ये मदर तेरेसांवरचा अग्रलेख त्यांनी दुसऱ्याच दिवशी माफी मागून मागे घेतला ते मला अजून खटकतं, लोक चिडले तर त्यांचा उलट लेख छापा, लिहिलेलं मागे कशाला घ्यायचं?

मटा शहराचा पेपर आहे. मेगाब्लॉक, पाणीकपात, फुटपाथ, कॉलेजचे फेस्टिव्हल हे तिथे लगेच सापडतं, माझी मुलगी मराठी वाचायला लागली ती ‘मुंबई टाइम्स’ पुरवणीमुळे, आणि ही गोष्ट मला अग्रलेखाइतकीच मोठी वाटते. आमचे बाबा मात्र अजून जुने संपादक गोविंद तळवलकरांच्या काळातला मटा आठवतात, त्यांना आताचा फार रंगीत वाटतो.

समाज बदलतोय ते दोघं वेगवेगळं दाखवतात. मटा हेल्पलाइनमध्ये दहावीला चांगले मार्क मिळवलेली गरीब घरातली एकेक मुलं भेटतात, लोकसत्ता गणपतीत ‘सर्वकार्येषु सर्वदा’मधून संस्थांची ओळख करून देतो. मला मुलांच्या गोष्टी जास्त लक्षात राहतात, पैसे मात्र संस्थांची माहिती वाचूनच पाठवलेत.

आणि पहिल्या पानाच्या तळाचा अँकर विसरू नका, आगळीवेगळी बातमी असते तिथे, चहाबरोबर आधी तीच वाचली जाते.

सामना उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेचा पेपर आहे, त्यांचं म्हणणं काय ते कळायला बघावा, पण घरात एकच पेपर येणार असेल तर तो नको.

मामीला सांगितलं सोमवार ते शनिवार मटा घे आणि रविवारी ‘लोकरंग’साठी लोकसत्ता, पेपरवाल्याला सांगितलं की तो बदलून टाकतो.