तेमा की लोमे? पश्चिम आफ्रिकेत कंटेनर कुठे उतरवायचा

न्हावाशेव्याहून पश्चिम आफ्रिकेला पहिलाच कंटेनर निघणार असतो. फॉरवर्डरकडून, म्हणजे माल पाठवण्याची व्यवस्था करणाऱ्या एजंटाकडून, दोन दर येतात, एक तेमाचा, एक लोमेचा, आणि दोहोंत फरक फारसा नसतो. नकाशावर पाहावं तर घानातलं तेमा आणि टोगोतलं लोमे अगदी शेजारी, रस्त्याने दोनशे किलोमीटरही अंतर नाही. स्वस्त असेल ते घ्यावं असं कुणालाही वाटेल. निर्यातीच्या कागदपत्रांच्या कामात मी बरीच वर्षं आहे. नव्या माणसाचे पैसे बहुतेक वेळा इथेच बुडतात, म्हणून मत आधीच सांगून टाकतो. माल घानात विकायचा असेल तर तेमा घ्या. बुर्किना फासो, नायजर किंवा मालीला जायचा असेल तर लोमे. आणि तिकडून कच्चा काजू आणायचा असेल तर आधी बी कुठल्या देशातली हे ठरवा, बंदर आपोआप ठरेल.

धक्के, खोली आणि जहाजं

गिनीच्या आखाताचा हा किनारा मूळचा बंदराला प्रतिकूल. सरळसोट वाळू आणि वर्षभर फुटणाऱ्या लाटा. घानाच्या राजधानीला, अक्राला, जहाजं दूर नांगर टाकून उभी राहायची आणि माल लाटांमधून वल्हवत आणलेल्या होड्यांनी किनाऱ्यावर यायचा. आपल्याकडे आगबोटीतून पडावात उतरण्याच्या आठवणी सांगणारी माणसं कोकणात अजून भेटतात, त्यांना हे चित्र लगेच समजेल. १९६२ साली घानाचे पहिले राष्ट्राध्यक्ष एन्क्रुमा यांच्या सरकारने अक्राच्या पूर्वेला सुमारे तीस किलोमीटरवर तेमाचं कृत्रिम बंदर सुरू केलं आणि होड्यांचा तो काळ संपला.

आजच्या तेमात प्रत्यक्षात दोन बंदरं आहेत असं समजा. एक जुनं, लाटारोधक बांधांच्या आतलं. तिथे सुटा माल, गोण्या, सिमेंटचं क्लिंकर आणि गाड्या उतरतात, शेजारी मासेमारी बंदर आहे. दुसरं म्हणजे २०१९ मध्ये सुरू झालेलं टर्मिनल ३. समुद्रात भराव घालून आणि साडेतीन किलोमीटरहून लांब नवा बांध घालून ते उभं केलं. धक्का सुमारे १,४०० मीटरचा, पाणी १६ मीटर खोल. मेरिडियन पोर्ट सर्व्हिसेस, म्हणजे एमपीएस, ते चालवते. तिच्यात घानाच्या बंदर प्राधिकरणाचा वाटा आहे आणि खासगी बाजूला एपीएम टर्मिनल्स व एजीएल या बंदर चालवणाऱ्या कंपन्या आहेत. तुमचा कंटेनर बहुधा इथेच उतरेल. मात्र तांदळाच्या किंवा साखरेच्या गोण्या जहाजभर पाठवत असाल तर जुन्या धक्क्यांशी गाठ आहे आणि तिथली खोली बरीच कमी, हे जहाज ठरवतानाच लक्षात घ्या.

लोमेचं खोल पाण्याचं बंदर १९६८ पासूनचं, जर्मन मदतीने बांधलेलं. त्याचं रूप पालटलं ते २०१४ मध्ये. त्या वर्षी लोमे कंटेनर टर्मिनल सुरू झालं. इथे खोली १६.६ मीटर असून मालकी एमएससी या जहाज कंपनीची टर्मिनल कंपनी आणि चीनची चायना मर्चंट्स यांची. एजीएलचं टोगो टर्मिनल वेगळं आहे. टोगोची लोकसंख्या एक कोटीच्या आत, तरी २०१९ मध्ये इथे वीस फुटी कंटेनरच्या हिशेबाने सुमारे १५ लाख कंटेनर हाताळले गेले. हा आकडा दाखवून कुणी लोमेची बाजारपेठ मोठी आहे असं सांगू लागलं तर विश्वास ठेवू नका. त्यातले बहुतांश कंटेनर टोगोत शिरतच नाहीत. आशियातून आलेलं मोठं जहाज लोमेला रिकामं होतं आणि लहान जहाजं तोच माल शेजारच्या बंदरांना पोचवतात. नायजेरियातल्या लागोसच्या जुन्या अपापा बंदरात खोली साडेतेरा मीटरच्या आसपास, म्हणून ही मधली पायरी लागली.

निर्णय घेणाऱ्याने यातून एवढंच घ्यायचं: खोली आणि क्रेन ही शिपिंग लाइनची काळजी. दोन्ही बंदरं मोठ्या जहाजाला पुरेशी आहेत. बुकिंग एमएससीचं असेल तर माल लोमेमार्गे फिरण्याची शक्यता जास्त, मग बीएलवर, म्हणजे जहाज कंपनीने दिलेल्या मालाच्या पावतीवर, तेमा लिहिलेलं असलं तरी. २०२२ च्या अखेरीस फ्रान्सच्या बोलोरे कंपनीचा आफ्रिकेतला बंदर-व्यवसाय एमएससीने घेतला आणि त्याचंच नाव एजीएल झालं, म्हणजे आज तिचे हितसंबंध दोन्हीकडे आहेत. एपीएम टर्मिनल्स मर्स्क या जहाज कंपनीच्या घरातली, तिचा पाय तेमात. फॉरवर्डरला सरळ विचारा: जहाज थेट आहे की मध्ये माल बदली होतो, आणि कुठे? बदलीच्या बंदरात कंटेनर आठवडाभर पडून राहिला तर ते दर सांगताना कुणी बोलत नाही.

फाटकाबाहेर

खरा फरक इथे सुरू होतो. मूळ आयात शुल्क दोन्ही देशांत जवळपास एकच, कारण दोघेही इकोवास या पश्चिम आफ्रिकी देशांच्या संघटनेचा सामायिक तक्ता वापरतात. त्याचे टप्पे ०, ५, १०, २० आणि ३५ टक्के. त्यामुळे ‘लोमेला ड्युटी कमी’ हे वाक्य ऐकलं की कुठली ड्युटी, ते नक्की विचारा. फरक पडतो तो व्हॅट, त्यावरच्या निरनिराळ्या लेव्ही आणि मूल्यांकनात.

घानात काम इंग्रजीत चालतं. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, करार, भांडण, सगळं. नव्या निर्यातदाराला ही केवढी मोठी सोय! २०२० पासून कस्टम्सचा कारभार आयसीयूएमएस या एकाच संगणक प्रणालीवर आहे, घोषणापत्रात चूक असेल तर ती तिथे लगेच दिसते. पण घाना कागदांच्या बाबतीत कडक. औषध किंवा खाद्यपदार्थ असेल तर तिथल्या अन्न व औषध प्राधिकरणाची (एफडीए) नोंदणी माल निघण्याआधी हवी. पुष्कळ औद्योगिक आणि घरगुती वस्तूंना मानक संस्थेचा अनुरूपतेचा दाखला लागतो. तो भारतातूनच, जहाज सुटण्याआधी घ्यायचा. माल तेमात पोचल्यावर हे सुचलं तर डेमरेजचं, म्हणजे बंदरात पडून राहण्याच्या आकाराचं, मीटर सुरू झालेलं असतं.

लोमेत फ्रेंच. तुमच्या मालाचं वर्णन एजंट फ्रेंचमध्ये उतरवतो, आणि तिथे शब्द चुकला की वर्गीकरणही चुकतं. शिवाय कार्गो ट्रॅकिंग नोट, म्हणजे येणाऱ्या मालाच्या आगाऊ नोंदीचा कागद, तिकडच्या बोलीत बीईएससी, जहाज पोचण्याआधी काढावी लागते. ती राहिली तर दंड. लोमेची मोठी बाजू चलनाची. टोगो, बुर्किना, माली, नायजर, बेनिन, आयव्हरी कोस्ट सगळे एकच सीएफए फ्रँक वापरतात आणि तो युरोला ६५५.९५७ या दराने बांधलेला आहे. घानाच्या सेदीने २०२२ मध्ये जी घसरण पाहिली आणि त्या डिसेंबरात सरकारने बहुतेक परदेशी कर्जाची परतफेडच थांबवली, त्या दिवसांत घानातले प्रामाणिक गिऱ्हाईकसुद्धा डॉलर जमवताना मेटाकुटीला आले होते. सेदी नंतर सावरला. तरीही घानाच्या नव्या गिऱ्हाइकाला नव्वद दिवसांची उधारी देऊ नये, असंच मी सांगेन.

एक चूक मात्र अगदी टाळा. भाडं कमी म्हणून घानाचा माल लोमेला उतरवून अफ्लाओच्या सीमेवरून ट्रकने न्यायचा, असा सल्ला मिळतो. आमच्याकडच्या एका गिऱ्हाइकाने स्टीलची भांडी घानातल्या कुमासीला अशीच पाठवली. दोन देशांचे कस्टम्स, ट्रान्झिटची (एका देशातून नुसत्या पुढे जाणाऱ्या मालाची) हमी आणि सीमेवरचा खोळंबा यांत वाचवलेलं भाडं कुठल्या कुठे गेलं, आणि माल सणाचा हंगाम उलटल्यावर दुकानात पोचला. त्या माणसाचा फोनवरचा आवाज मला आजही आठवतो.

आतल्या देशांना माल जाणार असेल तर

बुर्किनाच्या राजधानीला, वागादुगूला, दोन्ही बंदरांहून अंतर हजार किलोमीटरच्या आसपास. तेमाहून रस्ता घानाच्या पूर्ण लांबीने पागाच्या सीमेपर्यंत, लोमेहून सिंकासेमार्गे. लोमेच्या बाजूने दोन गोष्टी जातात. चलन आणि भाषा शेवटपर्यंत एकच राहते, आणि टोगोचं अर्थकारणच ट्रान्झिटवर उभं असल्याने तिथल्या एजंटांचा हात त्या कामात बसलेला आहे. २०२१ मध्ये बंदराच्या उत्तरेला आदेतिकोपेचं औद्योगिक क्षेत्र आणि कंटेनर यार्ड सुरू झालं, त्याचीही मदत होते. नायजरला जाणाऱ्या मालासाठी २०२३ च्या सत्तांतरानंतर बेनिनमधल्या कोतोनू बंदराची नेहमीची वाट अडली आणि बराच माल लोमेकडे वळला. तो बुर्किनातून लष्करी पहाऱ्यात ताफ्याने जातो. वेळ लागतो, विमाही महाग पडतो. जानेवारी २०२५ मध्ये माली, बुर्किना आणि नायजर इकोवासमधून बाहेर पडले, सीएफए फ्रँक मात्र त्यांनी सोडलेला नाही.

तेमाही या शर्यतीत आहे. तेमा ते म्पाकादान ही ९७ किलोमीटरची रेल्वे मुंबईच्या अ‍ॅफकॉन्स कंपनीने भारतीय एक्झिम बँकेच्या कर्जातून बांधली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये तिचं उद्‌घाटन झालं. माल रेल्वेने व्होल्टा सरोवरापर्यंत आणि पुढे पाण्याने उत्तरेला न्यायचा, अशी ती कल्पना. आपल्या माणसांनी बांधलेला मार्ग म्हणून मला त्याचं कौतुक आहे, पण आज ज्याला ट्रान्झिट करायचं आहे त्याने ट्रकचाच हिशेब धरावा.

आणखी एक. आतल्या देशांत आपला कंटेनर पाठवायला शिपिंग लाइन बरेचदा राजी नसते, किंवा मोठी अनामत मागते. मग बंदरातच कंटेनर उघडून माल ट्रकमध्ये सुटा भरला जातो. तुमचे खोके न्हावाशेव्याला कंटेनरात रचले तेव्हा छान दिसत असतील, पण हजार किलोमीटर ताडपत्रीखाली, खड्ड्यांतून जाण्यासाठी ते बांधलेले आहेत का? कंटेनरच आत जाणार असेल तर रिकामा परत येईपर्यंतचे दिवस डिटेन्शनमध्ये, म्हणजे कंटेनर अडकवून ठेवल्याच्या आकारात, मोजले जातात. फ्री डेज, म्हणजे बिनआकाराचे दिवस, बुकिंगच्या वेळीच वाढवून घ्या, नंतर कुणी ऐकत नाही.

काजू आणणाऱ्यांसाठी

वेंगुर्ला, सावंतवाडी, चंदगड, आजरा आणि गोव्यातल्या कारखान्यांना वर्षभर चालायला स्थानिक बी पुरत नाही, म्हणून पश्चिम आफ्रिकेची बी येते. तिकडचा हंगाम साधारण फेब्रुवारी ते जून. म्हणजे उशिरा भरलेला कंटेनर आपल्या पावसाळ्यात न्हावाशेव्याला पोचतो, आणि तोवर आतल्या ओलाव्याने पोत्यांना बुरशी लागण्याची भीती असते.

घानाची बी बोनो भागातली, टेचिमन, वेंची आणि साम्पाच्या बाजूची. ती तेमाहून निघते. साम्पा आयव्हरी कोस्टच्या सीमेवर आहे. आयव्हरी कोस्टने जमिनीवरून काजू बाहेर नेण्यास बंदी घातली आहे, तरी तिकडची बी चोरून घानात येते हे त्या धंद्यात सगळ्यांना माहीत असतं. म्हणून ‘घाना बी’ असं लिहिलेल्या मालाचा उतारा, म्हणजे ८० किलोच्या पोत्यामागे किती पौंड गर निघतो ते, कंटेनर भरतानाच आपल्या माणसासमोर पोती कापून काढा.

लोमेची बी टोगोची असेल तर एक फायदा आहे. टोगो अल्पविकसित देशांच्या यादीत असल्याने भारताच्या शुल्क-सवलतीचा लाभ घेता येतो, घानाच्या बीला २०१८ पासून २.५ टक्के मूळ शुल्क आहे. दर आपल्या कस्टम्स हाउस एजंटाकडून भरण्याआधी तपासून घ्या. पण ही सवलत बंदराला नाही, उगमाला आहे. घानाची बी लोमेहून चढवली म्हणून ती टोगोची होत नाही, आणि खोटा मूळ-दाखला न्हावाशेव्यात पकडला गेला तर फरकाच्या शुल्कावर दंड आणि व्याजही पडतं. टोगोचं पीक मुळात लहान आहे. कुणी हंगामाच्या शेवटी टोगोची शेकडो टन बी स्वस्तात देऊ करत असेल तर आधी कागद मागा.

मोठ्या प्रमाणात बी हवी असेल तर आयव्हरी कोस्टच्या अबिदजान बंदराकडेच जावं लागेल. आयव्हरी कोस्ट जगातला सर्वांत मोठा काजू उत्पादक आणि तिथलं दुसरं कंटेनर टर्मिनल २०२२ मध्ये सुरू झालं, खोली १६ मीटर. लागोस वेगळाच विषय आहे. २०२३ मध्ये सुरू झालेलं लेक्की बंदर साडेसोळा मीटर खोल आणि उत्तम, पण ते नायजेरियाच्या गिऱ्हाइकासाठी. घानाच्या मालाला तिथे काम नाही.

बुकिंगवर सही करण्याआधी बीएलचा मसुदा मागवून घ्या. माल वागादुगूचा असेल तर त्यावर ‘ट्रान्झिट’ आणि अंतिम ठिकाण दोन्ही स्पष्ट छापलेलं हवं. ते राहिलं तर लोमेत तो माल टोगोचा धरला जातो, आणि दुरुस्तीसाठी मूळ बीएल परत मुंबईला मागवावा लागतो.