बिनबियांचं कलिंगड: हंगाम उरकल्यावर लिहितोय

आमच्या माळशिरस भागात कलिंगड कुणाला नवं नाही. मल्चिंग (वाफ्यावर प्लास्टिकचा कागद), ड्रीप (ठिबक), वरून क्रॉप कव्हर (वेलांवर पातळ कापड), साधारण सत्तर दिवसांत रान मोकळं, हे गणित पोराटोरांनाही पाठ. सीडलेस लावायचं तर मात्र हे वेगळंच पीक आहे असं धरून उतरा.

पहिली परीक्षा उगवणीची. साध्या कलिंगडात गुणसूत्रं 22. ती दुप्पट केलेल्या 44 वाल्या मादीवर साध्या नराचा संकर केला की सीडलेसचं हे 33 वालं बी मिळतं. टरफल जाड, आतला गर्भ बारीक, आणि किंमत साध्या संकरित बियाण्याच्या कितीतरी पट. ट्रेमधलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) नुसतं ओलसर हवं. पाणी जास्त झालं की बी आतल्या आत कुजतं. ऊब 30 अंशांच्या आसपास लागते, म्हणून थंडीत ट्रे एकावर एक रचून प्लास्टिकखाली झाकले आणि कोंब दिसताच खाली उतरवले. पुष्कळ रोपांच्या पहिल्या दोन पानांना टरफल चिकटूनच वर येतं. ते सकाळी ओलं असतानाच चिमटीत धरून अलगद सोडवायचं. ऊन चढल्यावर ओढलं की पानासकट हातात येतं. बियाचं टोक वरच्या बाजूला ठेवून टोकलं तर हा ताप बराच कमी होतो.

दुसरी गोष्ट बी विकणाऱ्याने धड सांगितलीच नव्हती: या वेलाच्या नर फुलातले परागकण निकामी असतात. त्यामुळे परागकण पुरवायला तीन रोपांमागे एक बियांच्या कलिंगडाचं रोप लागतंच, त्यालाच आम्ही नर म्हणतो. आमचं सीडलेस पट्ट्यांचं, म्हणून नर गर्द हिरव्या सालीचा निवडला. तोडणीला बायका न विचारता वेगळे ढीग लावतात. नराचं बी लवकर उगवतं, ते चार-पाच दिवस मागून टाकायचं.

मादी फूल दिसलं की मधमाश्यांसाठी कव्हर काढायचंच, फुलकिड्यांची कितीही धास्ती असली तरी. फूल एकच दिवस उघडतं, खरं काम सकाळी. मधमाश्यांच्या पेट्या भाड्याने आणल्या, फवारणी संध्याकाळवर ढकलली. पेट्यांपासून लांबच्या कडेला माश्या कमी फिरल्या. तिथली बरीच फळं कापल्यावर मधोमध पोकळ, गर तीन बाजूंना फाटलेला. बाहेरून वाजवून काही कळलं नाही.

खायला मात्र फळ झकास. गोडी चांगली, साल कडक, गाडीत फुटतूट कमी, घरातही जास्त टिकलं.

विक्रीत खरी गंमत. गावात येणारा व्यापारी फोड हातात घेऊन म्हणाला, "बिनबियांचं म्हणता, मग हे पांढरं काय?" काकडीतल्या बियांसारखी ती कोवळी, पोकळ टरफलं खाताना जाणवतसुद्धा नाहीत, पण त्याला निमित्त पुरलं. जागेवर दर साध्या मालाचाच. पुण्याच्या खरेदीदाराने चांगला दर दिला, पण छाटणी इतकी कडक की उरलेला माल शेवटी रस्त्याकडेला बसून विकला. तेव्हा गिऱ्हाईक आधी ठरलं असेल तरच लावा. नुसत्या रमजानच्या तेजीवर हे बी परवडत नाही.

पुढच्या वेळी रोपं नर्सरीतूनच घेणार. रोपामागे चार पैसे जास्त गेले तरी उगवणीची जोखीम त्यांच्या माथी. तुम्हीही घेणार असाल तर नराची रोपं वेगळ्या ट्रेमध्ये, खूण करून मागा. एकदा रानात गेली की पान बघून कुठलं कोण ते ओळखू येत नाही.