वन बीएचकेच्या हॉलसाठी सोफा कम बेड, ७ महिने वापरून

उल्हासनगरच्या फर्निचर बाजारातून घेतला, १८,५०० ला पडला, टेम्पो आणि तिसऱ्या मजल्यापर्यंतची हमाली वेगळी कारण आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. लोखंडी फ्रेम, पुढे ओढायचा टाइप, उघडल्यावर ६ बाय ४.

का घेतला ते आधी सांगतो. मी २८ चा, डोंबिवलीला आईबाबांसोबत राहतो, ऑफिस घाटकोपरला. मागच्या वर्षी तिकडेच भाड्याने बघत होतो. ॲग्रीमेंटचा खर्च फार नसतो, स्टॅम्प ड्युटी पाव टक्का आणि रजिस्ट्रेशनचे १००० रुपये, पण डिपॉझिट दीड लाख, एक भाडं ब्रोकरला, ११ महिन्यांनी परत शोधाशोध, आणि दोन सोसायट्यांनी तर बॅचलर म्हटल्यावर फ्लॅट दाखवलाच नाही. एवढं भाडं भरून स्वतःच्या घराच्या डाउन पेमेंटसाठी काय उरणार? म्हणून राहिलो घरीच. ह्यात मला कमीपणा वाटत नाही, बाबा रिटायर झालेत, आईचे गुडघे दुखतात, मी असलो की त्यांनाही बरं वाटतं.

पण हॉलमध्ये खाली गादी घालून झोपणं नको झालं होतं. रात्री आई पाणी प्यायला उठली की अंधारात भिंतीला धरून माझ्या पायांजवळून जपून जायची, ते मनाला फार लागायचं. आता सोफा खिडकीच्या बाजूला उघडतो, किचनकडे दीड फूट वाट मोकळी राहते. माझे पैसे तिथेच वसूल झाले.

तक्रारी आहेत. मधल्या जोडावर बरोबर कमरेखाली खळगा लागतो, पहिले दोन आठवडे कंबर धरली, मग आईने वर कापसाची पातळ गादी टाकली तेव्हा कुठे नीट झोप लागली. चॅनल कुरकुरतो, मी रात्री साडेदहाला येऊन उघडला की बाबा जागे व्हायचे, शिलाई मशीनचं तेल सोडलं की महिनाभर शांत. एक बोल्ट ढिला झाला तेव्हा दुकानातून चौथ्या फोनला माणूस आला, पण पैसे नाही घेतले. खालचा बॉक्स एकदम कामाचा, अंथरूण-पांघरूण सगळं आत जातं. प्रायव्हसी मात्र नाहीच, फोनवर बोलायला अजूनही जिन्यात जातो.

घेणार असाल तर माप उघडलेल्या सोफ्याचं घ्या. हॉलच्या फरशीवर खडूने आखा, आणि लाइट बंद करून आईला एकदा किचनपर्यंत चालून बघायला सांगा.