छोट्या कॅम्पिंग ट्रेलरला टायर कोणते, आणि हवेवर नजर कशी ठेवायची?

मे २०२३. गुहागरहून मुंबईला परतत होतो. माणगावच्या अलीकडे मागचा एक ट्रक सारखा डिपर देत होता. त्याला पुढे जायचं असेल म्हणून नवऱ्याने गाडी कडेला घेतली. ट्रक शेजारून जाताना क्लीनर अर्धा बाहेर लोंबकळून मागे बोट दाखवत ओरडत होता. उतरून पाहिलं, तर ट्रेलरच्या डाव्या टायरच्या नुसत्या चिंध्या उरल्या होत्या. सुटलेल्या रबराने मडगार्ड फाडलं होतं आणि त्यामागून जाणारी गॅसची नळी वाकवली होती. सिलिंडर बंद होता, म्हणून निभावलं. मागच्या सीटवर मुलगी झोपलेली होती.

गाडीत आम्हाला यातलं काहीच कळलं नव्हतं. गाडीचा टायर बसला की स्टेअरिंग एका बाजूला ओढतं, सीटखाली धडधड जाणवते. ट्रेलरचा टायर मेला तरी स्टेअरिंग सरळच राहतं, आणि आवाज एसीच्या घरघरीत विरून जातो. म्हणून ट्रेलर घेताय किंवा जुन्याचे टायर बदलताय, तर दोन गोष्टी एकत्रच ठरवा: टायर कोणता आणि त्याची खबर गाडीत कशी पोहोचणार. एकीवर खर्च करून दुसरी सोडली तर निम्मा धोका तसाच राहतो.

आधी वजनकाटा

टायरच्या दुकानात जाण्याआधी ट्रेलर वजनकाट्यावर न्या. आम्ही तुर्भ्याला नेला. पाणी, गॅस, भांडी, गाद्या, सगळं प्रवासाला निघतो तसं भरून. गाडीपासून सोडवलेला अख्खा ट्रेलर ७८० किलो भरला. गाडीला जोडून फक्त त्याची चाकं काट्यावर ठेवली तेव्हा ७२०. म्हणजे ६० किलो गाडीच्या हुकावर. मग एकेक चाक वेगळं घेतलं: डावं ३९०, उजवं ३३०. पाण्याची टाकी आणि सिलिंडर दोन्ही डाव्या बाजूला होते. कागदावर ७२० भागिले दोन केलं असतं तर ३६० आले असते आणि आम्ही फसलो असतो.

आमच्या ट्रेलरला आधीच्या मालकाने अल्टोच्या मापाचे टायर लावले होते: १४५/८० आर १२, लोड इंडेक्स ७४. म्हणजे एका टायरला जास्तीत जास्त ३७५ किलो. त्यातही कारचा टायर ट्रेलरला लावताना ही क्षमता १.१ ने भागायची असते, कारण ट्रेलरवर टायर जास्त घासटतो, वळणावर आडवा ओढला जातो आणि उन्हात महिनोन्‌महिने एकाच जागी उभा राहतो. मग उरतात ३४१ किलो. डाव्या चाकावर ३९०. तो टायर फुटायचाच होता.

तीन पर्याय

पर्याय तीन: कारचा टायर, छोट्या मालवाहू गाड्यांचा 'एलटी' (लाइट ट्रक) टायर आणि खास ट्रेलरचा. पहिल्या दोहोंचे आकडे असे:

| टायर | एका टायरची क्षमता | कमाल हवा |
|---|---|---|
| कारचा, १४५/८० आर १२, ७४ | ३७५ किलो (ट्रेलरवर ३४१) | टायरवर पाहा |
| एलटी, १४५ आर १२, ८ पीआर, ८६/८४ | ५३० किलो | ६५ पीएसआय |
| एलटी, १५५ आर १३, ८ पीआर, ९०/८८ | ६०० किलो | ६५ पीएसआय |

तिसरा पर्याय म्हणजे अमेरिकेतले खास ट्रेलरचे, 'एसटी' शिक्क्याचे टायर. ते तक्त्यात घेतले नाहीत. टायर म्हणून ते उत्तमच. साइडवॉल, म्हणजे टायरची बाजू, कडक, रबरात ऊन आणि ओझोन सोसणारी द्रव्यं जास्त. पण जून २०२० मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरांची आयात निर्बंधित यादीत टाकली, आणि वाहनांच्या टायरना आयएसआय मार्क लागतोच. समजा कुणी जोडी मिळवून दिली, तरी कणकवलीत तिसरा टायर कुठून आणणार? हा पर्याय मी मनातूनच काढून टाकला, तुम्हीही काढा.

उरतात कारचे आणि एलटी. इथे माझं मत पक्कं आहे. भरलेला ट्रेलर ४५०-५०० किलोच्या आत असेल आणि दोन्ही चाकांवर वजन सारखं असेल, तर कारचा टायर चालेल. त्यावर गेलात की एलटी घ्या. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर एका टायरवाल्याने आमचं वजन ऐकलं आणि तो लगेच म्हणाला, "ताई, छोट्या हत्तीचा टायर टाका, विषय संपला." टाटा एसच्या, म्हणजे छोट्या हत्तीच्या, बहुतेक गाड्यांना १४५ आर १२ एलटी हाच टायर असतो. भाजी, सिमेंट, गणपतीच्या मूर्ती वाहणाऱ्या या गाड्या महाराष्ट्रातल्या प्रत्येक तालुक्यात आहेत, त्यामुळे त्यांचा टायर चिपळूणलाही मिळतो आणि सावंतवाडीलाही. आडवाटेला फिरणाऱ्याला याहून मोठी सोय नाही.

८६/८४ मधला पहिला आकडा एकेरी चाकासाठी, दुसरा मागे जोडचाकं असलेल्या गाडीसाठी. आपण पहिला बघायचा. ८ पीआर हा ताकदीचा दर्जा आहे, आत खरोखर आठ थर मोजायला जाऊ नका.

एलटीची खोट एकच, तो कडक असतो. ६५ पीएसआय भरून रिकामा ट्रेलर ओढलात तर खड्ड्यात तो उड्या मारतो आणि आतल्या कपाटांच्या बिजागऱ्या ढिल्या होतात. आमच्या वजनाला थंड टायरमध्ये ५० पीएसआय योग्य ठरले. एवढ्या हवेवर हा टायर साधारण ४३० किलो पेलतो. तुमचा आकडा कंपनीच्या लोड-प्रेशर तक्त्यातून काढा आणि हवा त्याहून थोडी जास्तच ठेवा, कमी नको. कमी हवेचा टायर वाकून वाकून तापतो आणि तापूनच फुटतो.

रिमही तपासा. कारचं रिम एवढ्या दाबासाठी आणि वजनासाठी बनलेलं असेलच असं नाही. आम्ही छोट्या हत्तीची रिम घ्यायची ठरवली तेव्हा नटांच्या भोकांचं अंतर आमच्या हबशी (रिम ज्यावर बसते तो भाग) जुळेना, म्हणून हबही बदलावे लागले. आधी मोजा, मग पैसे द्या.

नक्षी नव्हे, तारीख बघा

फुटलेल्या टायरची नक्षी जवळजवळ नवी होती. कायद्याला लागते १.६ मिलिमीटर, आमची त्याच्या कित्येक पट. पण साइडवॉलवरचा चार अंकी आकडा होता १४१६. म्हणजे २०१६ सालचा चौदावा आठवडा, सात वर्षांचा टायर. कारचे टायर झिजून संपतात, ट्रेलरचे उभे राहून. आमचा वर्षातले दहा महिने मुलुंडच्या सोसायटीच्या आवारात उभा असतो. एका बाजूला दुपारभर ऊन, पावसाळ्यात खाली पाणी, हवेत कायम खारटपणा. साइडवॉलवर केसासारख्या बारीक चिरा पडतात आणि त्या आतून वाढत जातात.

म्हणून खरेदी करताना सहा महिन्यांच्या आतली तारीख मागा, आणि पाच वर्षं झाली की नक्षी कितीही दिसो, बदला. सेकंडहँड टायर ट्रेलरला कधीच घेऊ नका, कितीही स्वस्त मिळो. उभ्या ट्रेलरच्या चाकांवर कापडी आवरण घाला. पावसाळ्याआधी तो जॅकवर उचलून अ‍ॅक्सलखाली स्टँड लावा.

खबर कशी मिळणार?

काहींना वाटतं, गाडीत टीपीएमएस (टायरच्या हवेवर लक्ष ठेवणारी यंत्रणा) आहे, म्हणजे झालं. गाडीची यंत्रणा फक्त गाडीची चार चाकं बघते. ट्रेलर तिच्या हिशेबातच नसतो.

सर्वांत साधा उपाय म्हणजे चांगलं गेज आणि तापमान मोजणारी इन्फ्रारेड बंदूक. सकाळी निघताना हवा मोजायची, प्रत्येक थांब्यावर दोन्ही टायर आणि दोन्ही हब यांचं तापमान घ्यायचं. एक बाजू दुसरीपेक्षा स्पष्ट गरम लागली तर हवा कमी आहे किंवा बेअरिंग गेलंय. ही सवय सेन्सर असले तरी सोडू नये. पण दोन थांब्यांच्या मधल्या तासाभरात काय होतं, ते या उपायात कळत नाही. आमचा टायर अशाच मधल्या तासात गेला.

म्हणून सेन्सर हवाच. त्यात दोन जाती. व्हॉल्व्हच्या टोपीच्या जागी बसणारे बाहेरचे, आणि रिममध्ये व्हॉल्व्हला जोडून बसणारे आतले. बाहेरचे स्वस्त, घरच्या घरी पाच मिनिटांत लागतात, नाण्याएवढी बॅटरी स्वतः बदलता येते, ट्यूबच्या टायरलाही चालतात. पण ते रस्त्यावर उभ्या ट्रेलरवरून सहज काढून नेता येतात, आणि त्यांनी दाखवलेलं तापमान टायरच्या आतल्यापेक्षा कमी असतं, कारण ते वाऱ्यात असतात. आतले चोरीला जात नाहीत, तापमान खरं सांगतात, पण ट्यूबलेसच लागतो, आणि बसवायला टायर उतरवावा लागतो. त्यांची बॅटरी सीलबंद असते आणि बहुतेकदा पाच ते सात वर्षं टिकते. टायरही पाच वर्षांनी बदलायचेच आहेत, तेव्हा दोन्ही एकदमच बदलता येतात.

मुंबईसाठी एक इशारा. बाहेरचे सेन्सर रबरी व्हॉल्व्हवर लावू नका. त्यांच्या वजनाने चाक फिरताना व्हॉल्व्ह मुळाशी वाकत राहतो आणि तिथूनच हवा सुटू लागते. शिवाय साधे रबरी व्हॉल्व्ह ६५ पीएसआयपर्यंतचेच असतात. धातूचे व्हॉल्व्ह बसवून घ्या. अ‍ॅल्युमिनियमच्या व्हॉल्व्हवर पितळी सेन्सर खाऱ्या हवेत असा चिकटतो की काढताना व्हॉल्व्हच तुटतो, म्हणून दोन्ही पितळी हवेत, आणि दर महिन्याला एकदा फिरवून मोकळे करा.

इशाऱ्याचे आकडेही स्वतः ठरवा. ३० अंशांना ५० पीएसआय भरलेला टायर चालून ६० अंशांना पोहोचला की ५६-५७ दाखवतो, ते ठीकच. हिवाळ्यात नाशिकला १० अंशांच्या पहाटे तोच ४६ दाखवेल, तेही ठीक. आम्ही खालचा इशारा ४२ वर आणि वरचा ६५ वर ठेवला. बाहेरच्या सेन्सरवर तापमानाचा इशारा ७० अंशांना लावलाय, पण माझा भरवसा दाबाच्या आकड्यावर जास्त आहे.

निघण्याआधी एकदा ट्रेलर जोडून सोसायटीभोवती फेरी मारा आणि डिस्प्लेवर दोन्ही चाकं सतत दिसतात का बघा. पत्र्याची बॉडी मध्ये आल्याने सिग्नल तुटत असेल तर तो पुढे पोहोचवणारा रिपीटर लागेल. आमच्या सव्वातीन मीटरच्या ट्रेलरला लागला नाही.

मी काय निवडलं

१४५ आर १२ एलटी, ८ पीआर, ट्यूबलेस, दोन्ही एकाच आठवड्याचे. ट्रेलर बंद आवारात राहतो म्हणून बाहेरचे सेन्सर. तुमचा रस्त्यावर उभा राहत असेल तर आतलेच घ्या. भरलेलं वजन ८५०च्या वर असेल तर १५५ आर १३ बघा, मडगार्डमध्ये जागा मिळत असेल तर.

गेल्या पावसाळ्यानंतर उजवा टायर आठवड्याला दोन-तीन पीएसआय गमावू लागला. पंक्चर नव्हतं. साबणाच्या पाण्याने पाहिलं तर रिमच्या कडेला गंज धरला होता आणि टायर तिथे नीट बसत नव्हता. घासून, रंगवून पुन्हा बसवलं. सेन्सर नसता तर हे गेजवर कधीतरी दिसलं असतं, कदाचित कशेडीच्या पलीकडे. पाण्याची टाकी आता अ‍ॅक्सलच्या बरोबर मध्यावर आहे. स्टेपनीही ट्रेलरच्याच मापाची आहे, कारण गाडीची त्याला बसत नाही, आणि तिसरा सेन्सर त्या स्टेपनीवर लावलाय.